ऐश्वर्याशी बोलू देणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कमलाकर स्मृती बाल रुग्णालय,
खोपट, ठाणे.

विषय : बालरुग्ण अतिदक्षता विभागात मातेस पुन्हा प्रवेश व बोलण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आवाजाबाबतची माझी तोंडी तक्रार व त्यानंतर विभागात बसवलेला दिवा.

महोदया,

१. मी ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. माझी मुलगी ऐश्वर्या, वय सहा, न्यूमोनियामुळे आपल्या अतिदक्षता विभागात दाखल आहे. यंत्रांचे भोंगे, ट्रॉलीची चाके आणि कचऱ्याच्या डब्यांची झाकणे यांच्या आवाजाने ती सारखी दचकत असे. म्हणून मीच तक्रार केली. आपण भिंतीवर कानाच्या आकाराचा दिवा बसवलात. आवाज वाढला की तो लाल होतो. त्यामुळे मुलीला झोप लागू लागली, हे मला मान्य आहे.

२. परंतु सदर दिवा सर्वांत जास्त माझ्याच बोलण्याने लाल होतो. बाजारात ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला आहे. सुमती सिस्टर बोलतात तेव्हा तो हिरवाच राहतो. मुलगी त्यांचे बोट धरून झोपते. श्वासासाठी घशात घातलेली नळी काढल्यावर ती पहिल्यांदा बोलली ते, "सुमतीताई कुठंय?" मी उशाशीच उभी होते.

३. मला मत्सर वाटला. अर्ज लिहून देताना पती दर्शन यांनी येथे "नाराजी" असे घातले होते. मी ते खोडायला लावले.

४. काल सिस्टर सुटीवर होत्या. मी त्यांच्यासारखे हळू बोलून पाहिले. मुलगी घाबरली. म्हणाली, "आई, तुला काय झालंय? नीट बोल ना." मी नीट बोलले. दाखल झाल्यापासून ती प्रथमच हसली. दिवा लाल झाला आणि मला बाहेर काढून माझा प्रवेश बंद करण्यात आला. ट्रॉलीनेही दिवा लाल होतो. ट्रॉलीला कोणी बाहेर काढलेले नाही.

५. आज सिस्टर कामावर आल्या आहेत. त्या आत, मी काचेबाहेर.

तरी ट्रॉलीच्या चाकांना तेल घालावे, झाकणे आपटू नयेत, आणि त्यातून जेवढा आवाज कमी होईल तेवढी जागा माझ्या बोलण्यास द्यावी. सिस्टरांची बदली मी मागत नाही. मुलीला त्यांची गरज आहे. त्यांनी तिला औषध द्यावे, गोष्टी सांगाव्यात, बोटही धरू द्यावे. फक्त तिला "बाय" म्हणून हाक मारू नये. ती हाक माझी आहे.

आपल्या उत्तरासाठी काचेबाहेर थांबलेली,
सौ. प्राप्ती दर्शन नाखवा
चेंदणी कोळीवाडा, ठाणे
दि. १४ फेब्रुवारी २०२५