वाढपी गार्ड

सिल्वासा,
ता. २० नोव्हेंबर १९९१

चि. सुधाकर यास,

ताईचा आशीर्वाद. तो तुला द्यावा अशी तुझी वागणूक नाही, पण मोठ्या बहिणीने पत्राची सुरुवात आशीर्वादानेच करायची असते म्हणून देते. चि. सौ. प्रमिलाची कंबर आता कशी आहे? तू घरात स्वतःचा पाण्याचा तांब्या उचलायला लागला असशील तर बरी असेल, आणि नसशील लागला तर विचारून उपयोग नाही. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझ्या भावजींची तब्येत उत्तम, ऑफिसात बढतीचं बोललं जातंय (गेली चार वर्षं बोललंच जातंय). फक्त हल्ली जेवायच्या वेळी त्यांचा चेहरा जरा उतरतो. त्याचं कारण पुढे येईलच, आणि ते कारण तू आहेस.

गेल्या वर्षीची भाऊबीज आठव. लोकांचे भाऊ ओवाळणीच्या तबकात साडी ठेवतात, निदान ब्लाऊजपीस ठेवतात. तू बास्केटबॉल ठेवलास. निरांजन विझलं, सुपारी घरंगळून कपाटाखाली गेली ती अजून सापडलेली नाही, आणि तू दात काढून सांगितलंस की हा प्राजूसाठी. म्हणजे ओवाळायचं मी आणि ओवाळणी भाचीला. मी काही बोलले नाही. (त्या काळात मी काही बोलत नसे.) पण तेवढ्यावर थांबशील तर तू सुधाकर कसला! जाताना एस्टी लागेपर्यंत तू पोरीला ज्ञान दिलंस, की गार्डचं काम दुसऱ्याला खेळवायचं; चेंडू आणायचा, नेमका हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं; स्वतः बास्केट करायला धावतो तो गार्ड स्वार्थी. मामा कॉलेजचा कॅप्टन, तेव्हा मामाचं वाक्य म्हणजे वेदवाक्य. (तू कॅप्टन होतास हे मलाही मान्य आहे. तुझे चिखलाचे मोजे कोण धूत होतं?)

पुढे शाळेच्या टीममध्ये प्राजक्ता गार्ड झाली. गार्ड म्हणजे बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन बसतो तो, अशी माझी समजूत, त्यामुळे मुलीला असल्या कामाला का लावलंय म्हणून मी एकदा मॅच बघायला गेले. बघते तर काय, कार्टी चेंडू घेऊन निघाली की कुणाच्या बापाला सापडत नाही! चौघींना चुकवून थेट रिंगच्या खाली. वर रिंग, हातात चेंडू, समोर कुणी नाही. आणि तिथे ही थांबते, मान वळवते आणि अपर्णाला शोधते. अपर्णा म्हणजे इथल्या सायली गावातल्या एका कारखान्याच्या मॅनेजरांची उंच मुलगी. ती येते, चेंडू घेते, टाकते, टाळ्या घेते. प्रत्येक वेळी हेच. मॅनेजरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमची प्राजक्ता किती समजूतदार हो! हा शब्द मला माहेरी मिळाला, सासरी मिळाला, आणि त्याच्याबरोबर दुसरं काही मिळाल्याचं मला आठवत नाही.

त्यांचे कोच सुकदेव सर. मूळचे जळगावकडचे, नोकरी सायलीत सूत काढायच्या कारखान्यात, आणि संध्याकाळी लुनावरून येऊन मुलींवर मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत ओरडायचं हा छंद. ऑगस्टात ते घरी आले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "ताई, पोरगी नुसती पास देऊन राहिली, पास देऊन राहिली, अन् रिंग तिच्या डोक्यावर टांगेल आहे! असंच चाललं तर पुण्याच्या टीममध्ये तिला मी घेणार नाही." तुमच्या पुण्याला नाताळच्या सुट्टीत मोठी स्पर्धा आहे, सगळ्या भागांतून टीम येणार, आणि प्राजू गेलं वर्षभर झोपेतसुद्धा पुणं पुणं करते. तिचं तोंड एवढंसं झालं. सरांनी नाना उपाय करून पाहिले. पास द्यायला बंदी घातली, तर हिने चेंडू अदबीने जमिनीवर ठेवला. मग सगळ्या मुलींना घरी पाठवून मैदानात हिला एकटीला उभं केलं. तरी रिंगखाली पोचल्यावर ती वळून बघायचीच. सर म्हणाले, मैदानात चिटपाखरू नाही, ही बघते कोणाला? मला माहीत होतं कोणाला. तुला.

उपाय सापडला तो गणपतीच्या पंगतीत. इथल्या मराठी मंडळाच्या महाप्रसादाला आमटी वाढायचं काम प्राजूकडे होतं. (आमटी अवघड म्हणून आमच्या घराकडे येते. सोपं मीठ-लिंबू मॅनेजरीणबाईंकडे.) हातात भरलेली बादली, दुसऱ्या हातात ओगराळं, दोन ओळींच्या मधे वीतभर जागा, समोरून भाताचं पातेलं घेऊन येणारा कुणीतरी घामाघूम माणूस, आणि ही सुसाट. थेंब सांडत नाही. ज्यांना नको त्यांनी पानावर हात आडवा धरायचा अशी पद्धत, पण हात डावीकडे धरला की ही डावीकडे वाकल्यासारखं करते, हात सरकतो, आणि आमटी उजवीकडच्या भातावर पडलेली असते. सुकदेव सर पंगतीत होते. त्यांनी दोन्ही तळव्यांनी पान झाकलं, तरी त्यांना आमटी मिळाली. सर उष्ट्या हाताने ताडकन उभे राहिले आणि "हेच! हेच पाहिजे!" म्हणून ओरडले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं त्यांना आमटी हवी आहे, म्हणून त्यांनी ती आणखी मागवली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणीचा सूर बदलला. रिंग म्हणजे नको नको म्हणणारा पाहुणा, आडवी येणारी मुलगी म्हणजे पानावरचा हात. आग्रह करायचा, वाढल्याशिवाय मागे फिरायचं नाही. चेंडूऐवजी पाण्याने भरलेली बादली घेऊन ती सिमेंटच्या मैदानावर रिंगकडे धावायची. बादली माझी होती, रुखवतातली, स्टीलची. तिला आता दोन पोचे आहेत आणि कडी एका बाजूनेच लागते. पण पोरगी घुसायला शिकली, हे माझ्याइतक्या रागावलेल्या बाईलाही कबूल करावं लागेल.

दिवाळीनंतरच्या रविवारी निवड होती. मुलींच्या दोन टीम करून मॅच लावली होती, आणि सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं की गार्ड म्हणून जी रिंगवर जाईल तीच पुण्याला जाईल. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो होतो. तुझे भावजी वर्तमानपत्र घेऊनच आले होते. प्राजू निघाली, आडवे आलेले हात तिने डावी-उजवी करून चुकवले, रिंगखाली पोचली. मैदानभर आरडाओरडा. तिथे समोर उभी होती वैशाली. वैशाली समोरच्या टीमची, हे नीट लक्षात ठेव. बिचारीच्या हाताला तोवर चेंडू लागलाच नव्हता. आणि सुधाकर, तुझ्या भाचीने दोन्ही हातांनी, किंचित वाकून, तो चेंडू वैशालीला दिला.

सरांच्या तोंडातून शिट्टी पडली. वैशाली थँक्यू म्हणाली, आणि चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला निघूनसुद्धा गेली. नंतर प्राजूला विचारलं तर म्हणते, आई, तिला एकदाही मिळाला नव्हता गं. वाढपी ती! रिकामं पान दिसलं की हात थांबतोय कुठला! सगळे पोट धरधरून हसत होते. तुझे भावजीही हसले, आणि शेजारच्या साहेबांना अभिमानाने म्हणाले, आमच्या घरचे संस्कार आहेत हे.

तेव्हा मला राग आला. प्राजूवर नाही आला. मला एकदम आपलं माहेरचं, केळव्याचं स्वयंपाकघर आठवलं. आधी वडील म्हणून दादांचं पान, मग तुझं, मग आल्यागेल्याचं, मग आई म्हणायची आता तू बस गं सुनंदा, आणि तोवर सरंगा माशाचं डोकं उरलेलं असायचं. मधला तुकडा कसा लागतो हे मी तुझ्या तोंडूनच ऐकलंय. मी तक्रार करत नाही. (करते आहे.) पण माझ्या मुलीने भर मैदानात, सगळ्यांना चुकवून, स्वतःच्या हिमतीने मिळवलेला घास दुसरीच्या पानात वाढला आणि त्याला संस्कार म्हणून हसतायत, हे मला सोसलं नाही. मी कशी उठले मला कळलं नाही. खुर्चीवर चढले, नऊवारीत नव्हते हे नशीब, आणि ओरडले, "प्राजू, आधी तू घे! आधी स्वतः घे!"

मैदानामागे चरणाऱ्या म्हशींनीही माना वर केल्या म्हणतात. तुझ्या भावजींनी वर्तमानपत्र उघडलं, ते उलटं होतं.

प्राजू माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा चेंडू आला तेव्हा ती घुसली, टाकला, चुकला, आणि स्वतः आपटली. गुडघा सोलवटला. मला वाटलं झालं, आता ही जन्मभर अपर्णाला शोधणार. पण पुढच्या खेपेला ती तशीच लंगडत पुन्हा घुसली, चेंडू रिंगवर घुटमळला, घुटमळला, आणि आत पडला. त्यानंतर अपर्णाला काही फारसं काम उरलं नाही. सरांनी प्राजूला निवडलं. मला म्हणाले, ताई, बास्केट झाली म्हणून नाही घेतली, पडल्यावर परत गेली म्हणून घेतली. मॅनेजरीणबाई म्हणाल्या, मुलगी जरा आगाऊ झाली हं. मी त्यांना आधी स्वतः घेऊन मग चिवडा दिला.

आता घरची अवस्था ऐक. सरांचं म्हणणं, मैदानातली सवय घरी मोडायला हवी. म्हणून रोज पहिलं पान प्राजूचं, दुसरं माझं, मग तुझ्या भावजींचं. परवा दुधनीच्या धरणातला मासा आणला होता (गोड्या पाण्यातला, आपल्याकडे ज्याला मासा म्हणत नाहीत तो). मधला तुकडा प्राजूला, त्याच्या शेजारचा मला. भावजी शेपटीकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, मला काही नीट आलं नाही वाटतं. मी म्हटलं, तुम्ही आता गार्ड. गार्डने दुसऱ्याला द्यायचं असतं, सुधाकर म्हणतो.

तेव्हा हे सगळं तुझ्या त्या एका चेंडूने झालं आहे. सोन्यासारखी समजूतदार पोर होती, नवऱ्याला वेळेवर पान मिळत होतं, माझी बादली धड होती. ये आणि तुझा चेंडू घेऊन जा. मला त्या खेळाचं नावसुद्धा नको. घरातल्या मोठ्यांच्या पाया पडते असं लिहिणार होते, पण तुमच्या घरात मोठी आता मीच, तेव्हा तूच माझ्या पाया पड.

तुझी,
सुनंदाताई

ता. क. चेंडू नेऊ नकोस. उलट नवा पाठव, याची साल गेली आहे. जुना टाकायचा नाही. दुपारी मैदान रिकामं असतं आणि तो मला लागतो. कशाला ते विचारायचं नाही.

ता. क. २. मूळ काम राहिलंच. तुझे भावजी प्राजूला पुण्याला पाठवायला तयार नाहीत. अभ्यास बुडेल, परक्या गावी हॉलमध्ये झोपायचं, लोक काय म्हणतील. मी माझं मत सांगितलं. ते म्हणाले, ते ठीक, पण सुधाकर काय म्हणतो बघू, तो खेळातला माणूस. तेव्हा तू त्यांना ताबडतोब लिही की मुलीला पाठवा. तुझं ऐकतील. पोर रोज पोस्टमनची वाट बघते आहे.

ता. क. ३. वरचा मजकूर परत वाचला. रिंग माझ्या डोक्यावर, हातात चेंडू, आणि मी मान वळवून तुला शोधते आहे! तू काही लिहू नकोस. मी आत जाऊन सांगून आले की प्राजू जाणार आणि तिच्याबरोबर मी जाणार. तुझ्या भावजींनी विचारलं, माझ्या जेवणाचं काय? मी त्यांना कुकर कुठे असतो ते दाखवलं.

ता. क. ४. पुण्यात रात्री तुझ्याकडे जेवायला येऊ. पहिल्या पंगतीला मी, प्राजू आणि प्रमिला. वाढायला तू. सरंगा आण, आणि मधला तुकडा कुठे जातो ते मी बघणार आहे.