अर्जाच्या पुस्तकातल्या रेघा

बाबा, ऑफिसनं मला पुस्तक लिहायला लावलंय. हसू नका. पुस्तक म्हणजे चाळीस पानांची वही, नव्यानं लागलेल्या पोरापोरींनी ग्राहकांना इंग्रजीत पत्रं कशी लिहावीत याची. डावीकडे ‘असं लिहू नका’, उजवीकडे ‘असं लिहा’. तुमच्या त्या पुस्तकासारखीच, फक्त त्याच्याएवढी जाड नाही. ते तुम्ही बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आणलेलं, आधीच दोन-तीन हातांतून गेलेलं. शुद्ध इंग्रजी कसं लिहावं, कसं बोलावं, आणि शेवटी नमुन्याचे अर्ज. हिंगण्याच्या कंपनी-बसमध्ये तुम्ही ते वाचत बसायचे आणि सोबतचे चिडवायचे, मशीनवाल्याले लाटसाहेब व्हायचं आहे म्हणून. रविवारी तेच लोक हुडकेश्वरच्या आपल्या दोन खोल्यांत अर्ज लिहून घ्यायला हजर. घरात खुर्ची एकच. ती येणाऱ्याची, तुम्ही खाटेच्या काठावर. पारशिवनीकडचे एक म्हातारे काका विजेच्या मीटरसाठी आले आणि सवयीनं खाली फरशीवर बसले, तेव्हा तुम्ही त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि मगच पेनचं टोपण काढलं. काय पाहिजे ते आधी मराठीत, एका दमात सांगायला लावायचे, मग पुस्तक उघडायचे. आई चहा देताना म्हणायची, कलेक्टर कचेरी बरी, तिथं निदान लवकर सुटका होते.

त्या पुस्तकातले सगळे अर्ज ‘आय बेग टु स्टेट’नं सुरू व्हायचे आणि ‘युवर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट’नं संपायचे. म्हणजे सुरुवातीला हात पसरायचे आणि शेवटी स्वतःला चाकर म्हणवून घ्यायचं. बाकी पुस्तकाचा शब्द तुम्ही कधी मोडला नाहीत, स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे केला नाहीत. या दोन ओळींवर मात्र पानोपानी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, टायपिंगच्या क्लासला जाते, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. मशीनपाशी उभं राहून राहून तुमचा गुडघा गेलाय. संध्याकाळी दोन पायऱ्या चढताना तुम्ही भिंतीला हात लावता आणि आम्ही पाहिलं नाही असं दाखवतो. अशात कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून करायच्या कामाची जागा निघाली. अर्ज मी टाइप करून आणला. त्यात त्या दोन्ही ओळी होत्या. पोरीनं केलंय म्हणून तुम्ही न वाचताच सही केलीत, अर्ज आत देऊन टाकलात आणि हातातली दुसरी प्रत परतीच्या बसमध्ये चवीनं वाचायला काढलीत.

घरात आलात ते चप्पल न काढता. आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. “हे तू टाकलं?” एवढं विचारलंत. मी मान हलवली. “आपण काम मागून राहिलो वं, भीक नाही. तुह्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली, ते काय हे लिहाले?”

मी म्हटलं, पुस्तकात होतं तसं उतरवलं, तुमच्या रेघा दिसल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दिलेला अर्ज परत मागून घेतलात. तिथल्या क्लार्कनं तुम्हाला वेड्यात काढलं. तुमच्या हातानं लिहिलेला नवा अर्ज पोचेपर्यंत मुदत संपली, जागा दुसऱ्याला गेली. आईनं दोन दिवस अबोला धरला. तिचं म्हणणं, दोन ओळींनी काय आभाळ कोसळणार होतं? पुढच्या वेळी जागा निघाली ती तुम्हाला मिळाली, आणि ताठ मानेच्या अर्जावर मिळाली, हे खरंच. पण मधलं दीड वर्ष तुम्ही मशीनपाशीच उभे होतात आणि मी रोज तुमच्या गुडघ्याला तेल चोळत होते. एकदाही विषय काढला नाहीत. उलट अर्ज परत घेतलात त्याच आठवड्यातल्या रविवारी बॉलपेन घेऊन बसलात आणि एकेक रेघ पुन्हा गिरवलीत. वर मलाच समजावलंत, “माहीच चूक. पेन्सिल फिकी होती.”

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या नव्या मुलीनं बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज दिला. त्यात ‘आय बेग’ दोनदा. बोलावलं तर दारातच उभी, चेहरा पडलेला. म्हटलं, आधी बस. ती खुर्चीवर टेकली आणि माझ्या तोंडून गेलं, “तुले काय पाहिजे?” ऑफिसात मी असं कधी बोलत नाही, बाबा. ती म्हणाली, दोन दिवसांची सुट्टी. म्हटलं, मग तेवढंच लिही. तिनं लिहिलं, मी सही केली, आणि पोरगी हसत गेली. त्याच दुपारी वहीचं पहिलं पान झालं: काय हवं ते सरळ लिहा, शेवटी आभार माना, हात कुणापुढे पसरू नका. साहेबांनी विचारलं, हा नियम कुठल्या पुस्तकातला? आमच्या घरच्या, म्हटलं. फार बरं वाटलं. आज वही छापायला गेली.

तुमचं पुस्तक आत्ता समोर उघडं आहे. तुम्ही बॉलपेन इतकं दाबलंय की रेघा मागच्या पानावर उमटल्यात. अगदी शेवटचा एक नमुना तेवढा तुमच्याकडून गिरवायचा राहिला. तिथं अजून तीच जुनी पेन्सिल आहे. इतक्या वर्षांनी, चष्मा न लावताही मला ती स्वच्छ दिसते. हे पत्र त्याच पानात ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? तुमचा गुडघा मला बघवत नव्हता, बाबा. पेन्सिल तेव्हाही फिकी नव्हती.