चुन्याखालचा बुद्ध

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलेय. कारण उद्या उरणजवळच्या आपल्या लेण्याच्या पाटीचा मजकूर पेंटरला द्यायचाय. गाव म्हणतंय, "अण्णांनी सांगितलेलाच काळ टाका." आणि तो काळ चुकलाय हो!

पनवेलच्या घरी जेवताना किती भांडायचो आपण! तुम्ही चित्रकलेचे मास्तर, खांब-कमानी बघून काळ सांगणारे. मी माती खणणारी. लेण्यापुढच्या खड्ड्यातली खापरं बरीच अलीकडची निघाली, तर म्हणालात, "खापरं काय, कुणीही आणून टाकतं! स्तूप बघ. नक्षी नाही, मूर्ती नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचाच." आणि माझ्या ताटातला बोंबील उचललात.

पण गाव त्या स्तूपाला महादेव मानून दर जत्रेआधी चुना फासतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? थरावर थर! मी म्हणायचे, जरा खरवडून बघू. तुम्ही डोळे वटारायचात. "त्यांचा देव आहे तो. हात लावायचा नाही." इतका राग यायचा मला!

यंदा जत्रेआधी चुन्याचा मोठा पापुद्रा आपसूक गळून पडला. आत मांडी घालून बसलेला बुद्ध! ओठांच्या कडासुद्धा शाबूत. म्हणजे स्तूप नंतरचा. सुरुवातीच्या स्तूपांवर बुद्धाची मूर्ती कोरत नसत, हे तुम्हीच शिकवलंत मला. मी तिथेच रडायला लागले. भांडण जिंकले, पण सांगणार कुणाला?

देवाची झाडलोट करणाऱ्या सुमनआत्यांनी पाठीवरून हात फिरवला. "रडतेस कनाला, बाय? तुज्या बापानं कोनाला नख लावू दिला नाय, म्हनून तर ह्यो असा ऱ्हायला. पाटीवर त्यांचाच काल टाक. मान हाय त्यांचा."

मोह झाला, अण्णा. कोण तपासायला येणार होतं? पण नाही. उद्या मी नवा काळ देणार. खाली तुमचं नाव घालणार, हे लेणं तुम्ही सांभाळलंत म्हणून. रागवा खुशाल!

स्तूपाच्या मागच्या बाजूला चुना अजून तसाच आहे. त्याखाली अक्षरं असावीत असं वाटतंय. हात नुसते शिवशिवतायत. तरी गाव हो म्हणेपर्यंत मी बोटसुद्धा लावणार नाही. शब्द देते.

तुमची भांडखोर लेक,
मनू