आईच्या तिथीची पंगत

गौलीगुडा, हैदराबाद
१९ सप्टेंबर १९५७

चि. प्रभाकर यास,

तुला आणि चि. सौ. वहिनींना ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. सासूबाईंचे गुडघे दुखतात, ह्यांचं कोर्ट चालू आहे, लेकीचं सासरहून पत्र येतं. तुझं पत्र सोमवारी मिळालं. औरंगाबादेत तीन खोल्यांचं घर मिळालं, नळ घरात आहे, दफ्तर पायी दहा मिनिटांवर, हे वाचून आनंद झाला. आनंद तेवढ्यापुरताच. त्याच्या खालचं वाचलं आणि कागद भिरकावून दिला.

"प्रमिला आहे तिथंच राहू दे. वेळेवर जेवण, कपडे, शाळा, शिस्त, सगळा बंदोबस्त आहे. घरात याहून जास्त काय मिळणार तिला?"

काय मिळणार म्हणे! प्रभ्या, हे लिहिताना तुझा हात कसा रे अडला नाही? ती कुणी परकी आहे का? आपल्या सख्ख्या बहिणीची, शांताची पोर आहे. शांता गेली तेव्हा ती पाच वर्षांची, बाप त्याआधीच परागंदा. तुझ्याच घरी होती. मागच्या साली राज्य मोडलं, मराठवाडा मुंबईकडे गेला, तुझा तबादला झाला. तू भांडी नेलीस, पलंग नेलास, वहिनींचं शिवणयंत्र गोणपाटात गुंडाळून नेलंस. पोर मात्र विद्यानगरच्या पलीकडे त्या बालिकाश्रमात ठेवलीस. अकरा महिने झाले त्याला.

तू तिथली शिस्त डोळ्यांनी पाहिलेली नाहीस. मी परवा पाहिली.

परवा अविधवा नवमी होती, आपल्या आईची तिथी. यंदा ह्यांनी डोक्यात घेतलं, घरी सवाष्ण जेवली की अनाथ मुलींनाही जेवू घालायचं. त्या आश्रमाच्या मंडळावर ह्यांचे एक वकील मित्र आहेत. मला न विचारता नाव नोंदवून मोकळे. मी म्हटलं, "तिथं नक्को, दुसरीकडे कुठं तरी द्या." "का?" म्हणाले. मला कारण सांगता आलं नाही. ते पुढे सांगते. मग मी आणि आमची स्वयंपाकीण चतुराबाई, दोघी पातेली घेऊन रिक्षानं गेलो.

तिथं पितृपक्षात रोज कुणाच्या ना कुणाच्या श्राद्धाचं जेवण असतं. भिंतीवर यादीच लावली आहे. पंधरा दिवस पोरी वडे आणि खीर खातात, आणि जेवायच्या आधी उभ्या राहून ज्याच्या नावानं पान वाढलंय त्याचं नाव घेतात. तशी पद्धत आहे. चाळीस मुली, सगळ्यांचे निळे झगे, सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले, झग्यावर नंबर शिवलेला. संचालिका पार्वतीबाईंनी खूण केली तशी एक मुलगी पुढे आली. हात जोडून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात म्हणाली, "आजचे अन्नदान कैलासवासी केसरबाई यांच्या नावे. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. दात्या बाईंचे आम्ही आभारी आहोत."

ती आपली प्रमिला होती. सतरा नंबर.

स्वतःच्या आजीच्या श्राद्धाला पोर उपकाराचं जेवत होती, प्रभाकर! आणि केसरबाई कोण, हे तिला ठाऊकही नव्हतं. कसं असणार? तुझ्याकडे होती तेव्हा लहान, कुणी सांगितलं नसेल. आजीचं नाव पोराला कोण सांगतं? घरातलंच कोणीतरी सांगतं, भाजी निवडता निवडता. आजी कशी तापट होती, मामा लहानपणी झाडावरून कसा पडला, आई हसली की कशी दिसायची. असलं काही आश्रमाच्या वेळापत्रकात असतं का?

मी वाढत वाढत तिच्या पानापाशी आले. तिनं मला ओळखलं, डोळ्यांत दिसलं ते. पण पंगतीत बोलायचं नाही असा नियम. खाली बघून नुसतं "पुरे" म्हणाली. पानात भेंडी होती. तुझ्याकडे असताना भेंडी दिसली की ताट सरकवून कोपऱ्यात रुसून बसायची, आठवतं का? तू ओरडायचास, आणि वहिनी गुपचूप दूधभात कालवून द्यायच्या. परवा तिनं सगळी भेंडी मुकाट्यानं गिळली. मी पार्वतीबाईंना विचारलं, "ही भेंडी खाते?" त्या अभिमानानं म्हणाल्या, "आमच्याकडे मुली रुसत नाहीत हो."

बाई वाईट नाहीत. चाळीस पोरी आणि दोन बायका, कुणाकुणाचा रुसवा काढणार त्या? रुसायला समोर आपलं माणूस लागतं. तिच्या शेजारच्या चिमुरडीच्या हातावर कढत आमटी सांडली. ती रडली नाही. मान वर करून कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. झग्याला हात पुसला आणि जेवू लागली. रडलं तरी कोणी येत नाही, हे कळलं की पोरं रडणं सोडून देतात, आणि तुम्ही शहाणे लोक त्याला शिस्त म्हणता. आग लागो त्या शिस्तीला!

तुला बोलायचं ते बोलून झालं. आता माझा दोष ऐक.

तुझा तबादला झाला तेव्हा तू आधी माझ्याकडे आला होतास. "ताई, तू ठेवून घे हिला." मी म्हटलं, सासूबाई नको म्हणतात. ते खोटं होतं. सासूबाईंना मी विचारलंच नव्हतं. ह्यांनाही नाही. आमच्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं आणि मला धास्ती, की घरात ही पोर दिसली की मुलाकडचे विचारतील, हिचा बाप कुठं आहे? म्हणून मी तिला दाराबाहेर ठेवलं. ह्यांना सांगितलं, प्रभाकरनं तिला बरोबर नेलं.

आणि तो कागद. ज्यांना कोणी नाही अशाच मुली तिथं घेतात, म्हणून तू लिहून दिलंस, "मुलीस कोणीही नातेवाईक नाही, मी केवळ दयेपोटी सांभाळली." खाली साक्षीदार हवा होता. शेजारीण म्हणून दस्तखत कुणी केलं? मी केलं. सख्ख्या मावशीनं. तू काही माझा हात धरला नव्हतास. लेकीचं लग्न वैशाखात झालं, घर रिकामं झालं, तरी मी एकदाही त्या बाजूला फिरकले नाही.

परवा पातेली घेऊन घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. सासूबाई आतून ऐकत होत्या. भिंतीला धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "विमला, माझ्या नावावर नकार दिलास? एकदा विचारायचं होतंस. मी पोरीला माझ्याजवळ निजवलं असतं."

काल आम्ही दोघं आश्रमात गेलो. पार्वतीबाईंनी तो कागद काढून समोर ठेवला. मी म्हटलं, "हे खोटं आहे. मी तिची मावशी आहे." त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, नियम असा आहे की ज्यानं मुलगी आणून सोडली त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायला हवं, की मी तिचा मामा आहे आणि आधी लिहिलं ते खोटं होतं. त्याशिवाय मुलगी सोडता येत नाही. आणि दसऱ्यानंतर इथला मराठी वर्ग बंद होणार, मराठी मुली सोलापूरच्या एका संस्थेत पाठवणार. फायली वाटल्या, कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, आता पोरी वाटायला घेतल्यात! तिथं गेली की तिला परत आणायला किती हेलपाटे पडतील देव जाणे.

तुला त्या कागदाची भीती वाटणार, मला ठाऊक आहे. सरकारी माणूस, खोटं लिहून दिलेलं, वरच्यांना कळलं तर काय? हे म्हणतात, आश्रमाला कुणाच्या नोकरीशी देणंघेणं नाही, मुलगी घरी गेली तर त्यांना बरंच वाटेल. पण समज झाली चौकशी, तर त्या कागदावर वकिलाच्या बायकोचंही दस्तखत आहे. ह्यांनी मला एका शब्दानं अडवलं नाही. मी माझं लिहून दिलं. तू तुझं दे.

तिला तुझ्या घरी ने, असं मी आता म्हणत नाही. ती आमच्याकडे येईल. भेंडी टाकेल, रुसेल, आम्ही तिला ओरडू, सासूबाई मधे पडतील. तुझ्याकडून मला फक्त चार ओळी हव्यात. दसऱ्याच्या आत त्या आल्या नाहीत तर मी औरंगाबादला येईन, दफ्तरात तुझ्या टेबलासमोर बसेन आणि सगळ्यांदेखत विचारीन, शांता तुझी कोण होती रे? आणि मी हे करीन, तू मला ओळखतोस.

काल निघताना प्रमिलेला पाच मिनिटं भेटू दिलं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "थोड्या दिवसांत तुला घरी न्यायला येते हं." मला वाटलं बिलगेल, नाहीतर चिडेल तरी, इतके दिवस कुठं होतीस म्हणून. ती "बरं" म्हणाली. हात मागे बांधून, सरळ उभी राहून. मी म्हटलं, "अगं, आनंद नाही झाला?"

तर म्हणते, "मामा पण न्यायला येतो म्हणाला होता. तेव्हा मी रोज सकाळी पेटी भरायचे. आता नाही भरत."

प्रभाकर, तिला पेटी भरायला सांगू का? उलट टपाली कळव.

प्रमिलेची मावशी,
विमला