पट्ट्याशेजारची खुर्ची

२ फेब्रुवारी, सोमवार

मशीन आलं. दारातून आत जाईना, म्हणून पॅकिंग हॉलची मागची भिंत पाडली! एवढी वर्षं त्या भिंतीला पाठ लावून आम्ही डबे खाल्ले. गवंड्याने सकाळच्या सकाळी ती आडवी केली. आता हॉलमध्ये ऊन येतं. त्या उजेडात कळलं, आपण किती धुळीत बसत होतो.

मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. एका टोकाला कागदाचा रोल लावायचा, दुसऱ्या टोकाला वेष्टनात बांधलेले रीम बाहेर. कापणं, मोजणं, बांधणं — सगळं आतल्या आत. कोणाला काढणार नाही. पॅकिंगच्या बायका पलीकडच्या शेडमध्ये वह्यांच्या कामावर जातील. इथे फक्त एक माणूस लागेल, मशीन चालवायला. "बाहेरचं कुणी मला नको," म्हणाले, आणि आधी माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे.

मी पॅकिंगची सुपरवायझर. ताई, माझी सख्खी थोरली बहीण, कागद कापायच्या कटरवर. कटर जाणार, पॅकिंग जाणार. खुर्ची एक.

४ फेब्रुवारी, बुधवार

खोकी उघडताहेत. मला कुणी हात लावू देत नाही. जत्रेतल्या पोरीसारखी भोवती फिरत राहिले, दुसरं काही सुचलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन बसवायला जो इंजिनियर आला आहे, त्याचं नाव बडबडीने 'जावईबापू' ठेवलं. कारण त्याला केबिनमधली गादीची खुर्ची, त्याच्यासाठी वेगळा पंखा, मागेल तेव्हा चहा. "सासऱ्यानं भिंत पाडून घरात घेतलाय, असा मान कुठल्या जावयाला मिळतो?" — बडबडी. ती माझ्याच टेबलावर रीम बांधते आणि दिवसभर तोंड चालवते. त्या बिचाऱ्याला वाटतं हे आदराने म्हणतात. हाक मारली की हसून 'ओ' देतो.

पण माणूस कामाचा पक्का. फडकं अंथरतो, त्यावर बोल्ट ओळीने मांडतो, प्रत्येक पुसून लावतो. कुठे घाई नाही. बघत बसावं असं काम.

ताईने त्याला एकच विचारलं, "पातं कुठंय?" त्याने झाकण उघडून दाखवलं. तिच्या कटरचं पातं वरून धाडकन खाली येतं. हे गोल फिरतं, लाटण्यासारखं, आणि कागद त्याच्याखालून न थांबता जातो. ताई बराच वेळ वाकून बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

मग कटरवर गेली आणि उरलेले ताव कापून टाकले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज चाललं!

रोल फिरायला लागला तेव्हा मी कान झाकायच्या तयारीत होते. आवाज कसला — चादर झटकावी तेवढाच. कागद पाण्यासारखा खाली आला, पात्याखालून गेला, आणि बाहेर पडला तो ताव होऊन. तावावर ताव, तावावर ताव. थप्पी भरली की खालचा पाट अलगद खाली बसतो आणि पुढची थप्पी सुरू. आम्ही बोटं ओली करून, पंख्यासारखे ताव पसरून मोजायचो; इथे मोजणं दिसतच नाही. मग वेष्टन वरून येतं, टोकांच्या घड्या पडतात — शाळा सुरू व्हायच्या आधी आपण पुस्तकांना कव्हरं घालायचो ना, अगदी तशा. गोंदाची एक रेघ. वरून दाब. झालं. पट्ट्यावरून रीम निघाला, कोपरे असे की कुणी बोटाने काढलेत.

माझे डोळे भरून आले. कुणाला सांगू? म्हणतील, नोकरी खायला आलेलं मशीन बघून रडते आहे. तसं नव्हतं. एवढं नीट केलेलं काही बघितलं की मला होतं असं. ज्याने कोणी हे डोक्यात जुळवलं असेल, त्याने आधी कधीतरी हाताने रीम बांधला असणार. नाहीतर घडी आधी डावीकडून घालायची हे कसं कळलं?

मला ती खुर्ची हवी आहे. लिहून टाकलं एकदाचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताई काय म्हणणार ते मला माहीत आहे. "तूच बस गं, मला काय करायचंय!"

दोघींत एक सायकल होती, ती माझी झाली. आई-बाबा गेल्यावर ती कटरवर लागली आणि मी शिकत राहिले. तिने लग्न केलं नाही, माझं करून दिलं. माझ्या बाळंतपणात मदतीला आली ती आमच्याकडेच राहिली. आता माझी लेक कॉलेजला जाते. यातलं एक अक्षर तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिचं 'तूच घे' इतकं पटकन येतं की मला 'नको' म्हणायला वेळच मिळत नाही.

या वेळी ठरवलं आहे. दोनदा चांगलं ठासून 'नको' म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाली तर 'बरं'.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्क्रीन शिकवली. मला भराभर येतं आहे — मोठ्या तावावरून छोट्या तावावर जायचं, वेग वाढवायचा, वेष्टनाचा ताण बदलायचा. जावईबापू म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर मलाच शिकवाल." दिवसभर हवेत होते.

ताई स्क्रीनला बोट असं लावते, जसं काही तवा तापलाय का बघते आहे. चष्मा नाकाच्या टोकावर. एकच गोष्ट दोनदा विचारली, मग तिसऱ्यांदा. बडबडी म्हणाली, "ताई, राहू द्या. चला आमच्याबरोबर वह्या शिवायला."

"तू आधी सुईत दोरा ओवून दाखव, मग मला बोलाव," ताई म्हणाली. हॉलभर हशा.

तिला अवघडल्यासारखं झालं नाही, मला झालं. चौथ्यांदा तिने विचारलं तेव्हा जावईबापूच्या आधी मीच उत्तर दिलं. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला त्यांच्याकडून ऐकू दे."

लागलं थोडं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन सारखं बंद पडतंय. वेष्टनाच्या तोंडाशी उजेडाचा एक पडदा आहे, डोळ्यांना दिसत नाही. त्यात काही आडवं आलं की सगळं जागच्या जागी थांबतं — कुणाचा हात आत सापडू नये म्हणून. थांबलं की मधले सगळे रीम बाद. जावईबापू घामाघूम. वायरी तपासल्या, दिवे पुसले, झाकणं उघडून पुन्हा लावली. मालक येरझाऱ्या घालत होते: "बिघडलेलं गळ्यात मारलं की काय मला?"

दुपारी त्याने आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं. मशीन सुरळीत चाललं. मग जवळ बोलावलं, आणि मशीनकडे बघायचं सोडून आमच्याकडे बघत उभा राहिला. एक गठ्ठा पट्ट्यावरून जरा तिरका आला — आणि माझा हात गेला. कडा ठोकून सरळ करायला. खट्. सगळं बंद.

"मॅडम," तो म्हणाला, "बिघाड सापडला."

नुसती मीच नाही, पॅकिंगच्या सगळ्याच! आयुष्यभर हेच तर केलं. तिरका गठ्ठा दिसला की तळहाताने टप् टप्. बसमध्ये शेजारच्याच्या वर्तमानपत्राची घडी वाकडी असली तरी माझा हात शिवशिवतो. आम्हाला कळलंसुद्धा नव्हतं आपण आत हात घालतोय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हात आवरायची तालीम. बडबडीने दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबले आणि गठ्ठा आला तशी कोपराने ढकलला! जावईबापू हसून हसून खाली बसला.

माझी पाळी. मी स्वतःला बजावत उभी होते. तरी हात गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा दुसऱ्या हाताने पहिला धरला तेव्हा कुठे थांबला.

मग ताई. मशीन एकदाही थांबलं नाही. बघताना मला उमगलं ते. कटरचं पातं खाली येतं तेव्हा दोन हातांनी दोन लांबची बटणं दाबून धरायची असतात. एक सुटलं तर पातं येत नाही. इतकी वर्षं हात लांब ठेवून, नुसत्या नजरेने कागदावर लक्ष ठेवायची सवय तिला. आज ती कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती, मान किंचित पुढे. तिरका गठ्ठा आला. तिने बघितला. दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या दोन पट्ट्या आल्या, हलकेच टेकल्या, गठ्ठा सरळ झाला आणि पुढे गेला.

म्हणजे मशीनला हे येत होतं. आम्हीच कधी करू दिलं नव्हतं.

ताई काय छान दिसत होती. हे मी तिला सांगितलं नाही. का कोण जाणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम स्क्रीनवर चलाख, ताईंचा हात शांत. स्क्रीन ताईंना जमेल, हात तुम्हाला जमेल. माझ्या दृष्टीने दोघी सारख्या. घरी बोला, उद्या एक नाव सांगा. दुसरीला वह्यांच्या शेडमध्ये टेबलावर जागा आहे — पण सुपरवायझर तिथे आधीची आहे, हे आत्ताच सांगतो."

घरी आलो. ताई भाजी चिरत बसली, मी समोर उभी. मी माझं पहिलं 'नको' अगदी ओठांवर आणून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कढईखालचा गॅस बारीक कर." केला. मग लेक आली, मग जेवणं झाली. मी वाट बघतेच आहे.

भांडी विसळताना म्हणाली, "उद्या माझं नाव सांगते."

"काय?"

"मला ती खुर्ची हवी आहे गं." हात चालूच, वर बघितलंसुद्धा नाही. "तुलाही हवी आहे, दिसतं मला. पण मला हवी आहे."

माझी तयारी भलत्याच गोष्टीची होती. तोंडातून निघालं काय, तर — "तुला स्क्रीनचं जमेल?"

तिने नळ बंद केला. "अडलं तर विचारीन. तुलाच विचारीन, धाकटे. पण बसेन मी."

१८ फेब्रुवारी, बुधवार

नाव दिलं गेलं. राग येतोय, आणि कशाचा तेही नीट सांगता येत नाही. तिने माझं काही घेतलेलं नाही. ते माझं नव्हतंच.

सकाळी निघताना हे म्हणाले, "तू एकदा बोलून बघ. ती तुझं ऐकेल."

तेच तर. ती ऐकेल. म्हणून बोलले नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचा पॅनेलवरचा पहिला दिवस. मी सोमवारपर्यंत गोदामात; चहाच्या सुट्टीत मुद्दाम गेले. पाडलेल्या भिंतीच्या जागी मोठं शटर बसवलंय, तिथून बघत उभी राहिले. वेग बदलताना तिचं बोट अजून दबकत पुढे जातं, पण जातं. रोल संपत आला तसा तिने आधीच वेग उतरवला, नवा रोल जोडला, जोड पात्याखालून सुखरूप गेला तेव्हा मान हलवली — एवढीशी, कुणाला दिसेल न दिसेल अशी. मला तिचा चेहरा पाठ आहे असं वाटायचं. हा मी आजवर बघितला नव्हता.

जावईबापू आज परत गेला. बडबडीने विचारलं, "आता सासुरवाडीला परत कधी?" त्याला काही कळलं नाही. तरी 'लवकरच' म्हणाला.

रागातला बराचसा भाग गेला. उरलेला जाईल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वह्यांच्या टेबलावर पहिला दिवस. इथली सुपरवायझर माझ्यापेक्षा लहान. सकाळी 'मॅडम' म्हणाली, दुपारी अडखळली, संध्याकाळपर्यंत 'मावशी' झाले. बरं वाटलं, खरं सांगायचं तर. वह्या शिवणं मजेचं आहे. गठ्ठे इथेही तिरके येतात, आणि इथे ठोकायला कुणाची मनाई नाही.

ताई मशीन बंद करून आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि सांगत सुटली — ओलसर कागद कसा चिकटतो, मग तावांमध्ये हवा किती सोडायची. बोलता बोलता थांबली. "तुला कंटाळा येत असेल." म्हटलं, सांग. सगळं सांग. घरापर्यंत तीच बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईने खोली घेतली. कारखान्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. एक तारखेपासून तिथे राहणार — एकटी. नव्या पगारात भाडं निघतं, म्हणाली. मी विचारलं, आमच्याकडे काही चुकलं का? म्हणाली, "काहीच नाही गं. मला बरेच दिवस वाटत होतं." किती दिवस, ते मला विचारवलं नाही. उद्या दोघी मापं घ्यायला जाणार आहोत. पलंग कुठे ठेवायचा ते तिने आधीच ठरवलं आहे.