स्कूटरच्या बदल्यात आलेली एम. जी.

चकाला, अंधेरी (पूर्व)
गुरुवार, २० नोव्हेंबर १९६९

ती. स्व. दादांच्या चरणी श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार.

आपलं कार्ड परवा मिळालं. आईंच्या गुडघ्याला निर्गुंडीचा शेक लागू पडला हे वाचून आम्हां दोघांना फार बरं वाटलं. आपल्या खोकल्याबद्दल मात्र आपण एक अक्षर लिहिलेलं नाही. (मालन म्हणते, दादा खोकल्याबद्दल लिहीत नाहीत तेव्हा तो हमखास वाढलेला असतो. तरी कृपया लिहावं.) कार्डाच्या शेवटी आपण विचारलंत की, सात वर्षं जिची वाट पाहिलीत ती स्कूटर चालते कशी. स्कूटर उत्तम चालते. फक्त ती इथल्या, अंधेरीजवळच्या आंबोलीच्या रिबेलोसाहेबांकडे चालते. हे कसं घडलं ते सविस्तर सांगणं जावई या नात्याने माझं कर्तव्य आहे, म्हणून या खेपेस कार्डाऐवजी पाकीट.

नंबर लागला मार्चमध्ये. स्कूटर ताब्यात घेऊन मी घरी यायला निघालो आणि वाटेत आंबोलीला पाणी प्यायला थांबलो. (हे पाणी मी घरी येऊन प्यायलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मालन आजही म्हणते.) रिबेलोसाहेब हे शाळेत व्हायोलिन शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या अंगणात चिंचेखाली एक गाडी उभी होती. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, चाकांना सायकलसारख्या तारा. विलायतेची एम. जी., सत्तेचाळीस सालची. सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी लहानपणी मामाच्या टेबलावरच्या इंग्रजी मासिकात अशी गाडी पाहिली होती आणि त्या पानावरून मला जेवायला उठवावं लागत असे. रिबेलोसाहेबांची अडचण वेगळी होती. देह भारदस्त, गाडी जमिनीलगत. एकदा आत बसले की बाहेर काढायला दोन माणसं लागत. मी त्यांच्या गाडीकडे बघत होतो आणि ते माझ्या स्कूटरकडे बघत होते. दहा मिनिटांत दोघांचं ठरलं.

इकडे मालन ओवाळणीचं ताट घेऊन गॅलरीत उभी. संध्याकाळी हातगाडीवर दोरखंडाने बांधलेली मोटार आली, मागून मी चालत आलो. तिने खाली येऊन ओवाळलं, नारळ फोडला, आणि मग एवढंच म्हणाली, "आत कोंबडी आहे. ती तरी परत करून या." त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी मला स्वतः उठावं लागलं. तिची चूक नाही, दादा. सात वर्षं ती लोकांना सांगत आली होती की आता आमची स्कूटर येणार. सकाळी मागे बसून शाळेत शिकवायला जाईन, वाटेत छत्री सांभाळावी लागणार नाही, हे सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. मी ते आंबोलीला देऊन आलो होतो.

पहिल्या मेकॅनिकने दाराशेजारी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. तेव्हा कळलं की या गाडीच्या पत्र्याखाली सगळा सांगाडा लाकडाचा असतो, आणि आमच्या सांगाड्याला वाळवीने संपवलेलं आहे. मेकॅनिक म्हणाला की हे आपलं काम नव्हे, सुतार बघा. सुतार म्हणाला की यात सरळ लाकूड एकही नाही, मी पलंग करतो. शेवटी मार्ग सापडला मालनलाच. (आठ दिवस संपले होते.) तिच्या शाळेत वेसाव्याच्या कोळ्यांच्या मुली येतात. तिथला धर्मा होड्या बांधतो, वाकडं लाकूड त्याच्याइतकं कोण ओळखणार, असं ती सहज बोलून गेली आणि मी त्याच संध्याकाळी वेसावे गाठलं.

धर्माने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, ठिकठिकाणी बोटाने वाजवून पाहिलं आणि नकाशा-बिकाशा काही न मागता काम घेतलं. चार महिने आमची एम. जी. किनाऱ्यावर दोन होड्यांच्या मध्ये पालथ्या टोपलीसारखी पडून होती. सागाच्या नव्या फासळ्या बसल्या. मग धर्माने होडीला देतात तसे मुशीच्या माशाच्या तेलाचे लाकडाला तीन हात दिले. लाकूड आता शंभर वर्षं कुजणार नाही म्हणतात. वासही तेवढाच टिकेल असा अंदाज आहे. गाडी घरी आणली त्या दिवसापासून आमच्या इमारतीत अकरा मांजरं राहायला आली आहेत आणि तळमजल्यावरचे चंद्रप्रकाश वैद्य, जे शुद्ध शाकाहारी आहेत, माझ्याशी नाकाला रुमाल लावून बोलतात. नारळी पौर्णिमेला होड्यांच्या ओळीत आमच्या गाडीचीही पूजा झाली. रविवारी सकाळी आरे कॉलनीत सराव चालू केला. रिबेलोसाहेब आपल्या (म्हणजे आमच्या) स्कूटरवरून शेजारून येत आणि ओरडून सूचना देत. तिथे एका म्हशीने पुढे बसकण मारली ती पाऊण तास. तेवढ्यात क्लच म्हणजे काय ते समजून घ्यायला निवांत वेळ मिळाला.

आता मुख्य प्रसंग. गेल्या रविवारी दुपारी आम्ही वेसाव्याला गेलो होतो, कारण वळणावर डावं दार आपोआप उघडू लागलं होतं. धर्मा दार तासत असताना घरातून त्याची बायको पुतळाबाई धावत आली. त्यांची शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला एकाएकी कळा सुरू झाल्या होत्या आणि सुईण हात वर करून म्हणाली होती की बाळ आडवं आहे, हिला अंधेरीच्या सूतिकागृहात न्या. बस नुकतीच गेलेली. टॅक्सी वेसाव्यात कुठली. सगळ्यांनी एकदम गाडीकडे पाहिलं, दादा, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही गाडी आपण का घेतली. हौसेची वस्तू हौसेपुरतीच बरी असते. तिच्यावर कुणाचा जीव ठेवायची वेळ आली की तिचा एकेक दोष आठवू लागतो.

शेवंतीला गोधडीत गुंडाळून सीटवर बसवलं. दोन फर्लांगांत गाडी बंद. या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर टिकटिक करत चालतो. टिकटिक थांबली की गाडी थांबते, आणि पंपावर हलकेच ठोकलं की पुन्हा सुरू. इतर वेळी यात मौज वाटते. त्या दिवशी सात बंगल्यांपर्यंत गाडी चार वेळा थांबली, चार वेळा बॉनेट उघडावं लागलं, आणि शेवंती ओठ चावत होती. पाठोपाठ पळत आलेल्या पुतळाबाईने हे पाहिलं. तिने बॉनेटची बाजू उचकटून रस्त्याकडेला ठेवली, धर्माची लाकडी मोगरी कमरेला खोचलेली होती ती काढली आणि लुगडं सावरून सरळ पुढच्या मडगार्डवर चढून बसली. म्हणाली, "तू फकस्त चाक धर. हिला कशी चालवायची तं मना ठाव हाय."

आणि तशीच वरात निघाली. पुतळाबाई एका हाताने दिवा घट्ट धरून, दुसऱ्या हाताने पंपावर ठोकते आहे, दर ठोक्याला गाडीच्या विलायतेतल्या मागच्या पिढ्यांचा उद्धार करते आहे, आणि मधेच वळून लेकीला सांगते आहे की बाय माझी, आलोच. अंधेरीच्या बाजारात लोक आपणहून बाजूला झाले. मुशीच्या तेलामुळे कुत्री मागे लागली ती वेगळीच. गाडी सूतिकागृहाच्या पायरीशी येऊन थांबली आणि मग काही केल्या सुरू होईना, पण आता ती मेली तरी चालणार होती. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पुतळाबाई तोवर बाकावर ताठ बसली होती. हे ऐकलं आणि पदरात तोंड घालून रडली. मोगरी तिच्या मांडीवरच होती.

तर दादा, स्कूटरचं हे असं झालं. आईंना नमस्कार. चि. जयवंतला अभ्यासाची आठवण द्यावी.

आपला आज्ञाधारक जावई,
श्यामसुंदर

ता. क. १ : पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मालनने वाचलं. ती म्हणते, गाडी दोन माणसांची. एका सीटवर शेवंती, मग दुसरीवर कोण होतं ते दादांना कळू दे. तर गाडी मालन चालवत होती. मला तीन महिन्यांत क्लच समजलेला नाही. सात बंगल्यांपाशी मी मागून धक्का मारला, गाडी सुरू झाली आणि थांबायची सोय नसल्यामुळे पुढे गेली. मी बसने पोहोचलो तेव्हा मुलीचं वजनसुद्धा करून झालं होतं. पुढचं सारं मी पुतळाबाईकडून ऐकलं आहे, परंतु ती खोटं बोलणारी बाई नव्हे.

ता. क. २ : पत्र लिहिण्याचं खरं कारण. मालनकडे लायसन्स नाही. सूतिकागृहाशी उभ्या असलेल्या हवालदारांनी बाळाकडे बघून त्या दिवशी सोडून दिलं, पण लायसन्स काढून घ्या असं बजावलं आहे. अर्जाला जन्मतारखेचा पुरावा लागतो. आपण शिरोड्याच्या शाळेचे हेडमास्तर होता, तेव्हा मालनचा शाळा सोडल्याचा दाखला आपल्याच कपाटात असणार. बायकांनी मोटार चालवण्याबद्दल आपलं मत मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. तरीही दाखला रजिस्टर पोस्टाने पाठवावा अशी हात जोडून विनंती.

ता. क. ३ : दादा, मी मालन. दाखला पोस्टाने पाठवू नका, तुम्ही स्वतः घेऊन या. खोकला इथल्या डॉक्टरांना दाखवू. येताना बोटीच्या धक्क्यावर आम्ही टॅक्सीने घ्यायला येऊ. परत जाताना बोटीवर मी सोडीन, एम. जी.तून.