डॅम्परवर नारळ नाही

बुधवार, संध्याकाळ. शहापूर.

आज आमची नमुन्याची छोटी लोखंडी फ्रेम मशीनवर भूकंपासारखी हलवून पाहिली आणि ती टिकली. तिचे सगळे जोड मी वेल्ड केले होते. एक जरी तडकला असता तर मला परत खिडक्यांच्या ग्रिलवर पाठवणार होते.

चाचणीआधी आमच्या वर्कशॉपचे मिस्त्रीकाका नारळ घेऊन थेट फ्रेममधल्या डॅम्परपाशी गेले. त्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि हादरा तिथेच जिरतो. त्या ओल्या करून कसं चालेल? मी काकांचा हात धरला. मोठ्या माणसाचा हात! चुकलं का माझं?

“काहून अडवून राहिला बे?”

“काका, नारळ खाली पायथ्याशी फोडा ना. पट्ट्या कोरड्या पाहिजेत.”

“लय शहाणा झाला!” म्हणत त्यांनी तो पायथ्याशी फोडला.

मग मशीन सुरू झालं. फ्रेम डोलली, पट्ट्या करकरल्या. मी फक्त डाव्या खांबाचा खालचा जोड पाहत होतो. तोच शेवटी केला होता, जरा घाईत. थांबल्यावर इंजिनिअर सरांनी तडा दाखवणारा लाल रंग नेमका त्याच जोडावर आधी लावला, पुसला. एक रेघही नाही. तरी मी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

“वेल्डिंग कोणाचं?” सरांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच काका बोलले, “आमच्या पोराचं हाय, साहेब. मोठ्या फ्रेमचे जोडबी हाच करनार.”